सतरा नंबरच्या अकरा वाती

गॅस बंद केला की मनकर्णाबाई बटणाला तीनदा हात लावत. एकदा बंद करायला, दुसऱ्यांदा खरंच बंद झालं का ते पाहायला, आणि तिसऱ्यांदा कशाला ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. दिवाळीपासून लागलेली ही सवय. ओट्यावरच्या भिंतीला त्यांच्या मुलानं, अमोलनं, कागद चिकटवून ठेवला होता: ‘आई, गॅस बंद केला का?’ दाराशी दुसरा: ‘किल्ली घेतली का?’ मनकर्णाबाई चौथी शिकलेल्या. ते कागद वाचताना रोज त्यांना वाटे, आपलंच घर आपल्याला दरडावून विचारून राहिलं.

शुक्रवार होता. चहा गाळून झाला होता, भाकरीचं पीठ परातीत काढलेलं, जवसाची चटणी वाटीत. पलंगाखालची लोखंडी पेटी बाहेर ओढून ठेवलेली, तिच्यात चार लुगडी, गेलेल्या नवऱ्याचा, जानरावांचा, फोटो आणि देवाचं तबक. पेटी अर्धी भरून चार दिवस झाले होते. रविवारी अमोल अकोल्याहून येणार आणि आईला कायमचं घेऊन जाणार, असं ठरलं होतं. म्हणजे अमोलनं ठरवलं होतं.

कडी वाजली.

अमोल दोन दिवस आधीच आला की काय? पिठाचे हात तसेच घेऊन त्या दाराशी गेल्या.

“कोण हाये?”

“मी, मावशी. ज्योत्स्ना. युनिव्हर्सिटीतली.”

“अवं, वातीवाली पोट्टी! ये नं. मले वाटलं अमोलच आला.”

खरं तर वाती मनकर्णाबाईच वळत. या मुलीला वात धड ओढता येत नव्हती. पण महिनाभरापूर्वी ती गल्लीत आली तेव्हापासून सगळ्या तिला वातीवालीच म्हणत. खांद्याला झोळी, हातात वही, आणि चेहरा असा, की जणू रात्रभर अभ्यास करून परीक्षेला निघालीय. मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती.

“पाणी देऊ का चहा?”

“आधी एक विचारायचं आहे, मावशी. मग चहा.”

“मंग तं काहीतरी बिघडलं.” मनकर्णाबाईंनी हात धुतले आणि पेटीला पाय लागू नये म्हणून ती जरा सरकवली. ज्योत्स्नानं पेटी पाहिली, विचारलं मात्र नाही.

मनकर्णाबाईंचं आयुष्य सांगायचं तर ते कापसातच सांगावं लागेल. नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडच्या एका खेड्यात त्या जन्मल्या. सातव्या वर्षी आईच्या कमरेएवढ्या पऱ्हाटीत उभ्या राहून दोन्ही हातांनी दोन बोंडं एकदम वेचायला शिकल्या. लग्न झालं तेही अमरावतीच्या जिनिंगमध्ये कामाला असलेल्या जानरावांशी, म्हणजे तिथेही अंगावर कापूसच. अमोल नववीत असताना जानराव गेले. मनकर्णाबाई घरी बसून वाती वळायला लागल्या: फुलवाती, लांब वाती, श्रावणात कोणाच्या नवसाच्या लाख वाती. अंगठ्याला दूध-राखेचं बोट लावायचं, कापसाचा पुंजका ओढायचा, मांडीवर एक फिरकी द्यायची, की वात तयार. पाहणाऱ्याला हात दिसत नसे, नुसती वात दिसे. त्याच वातींवर अमोल शिकला, अकोल्याला नोकरीला लागला.

आणि वात वळताना त्या बोलत. अमरावतीतल्या अंबागेटच्या आतल्या त्या गल्लीत कोणाची सून कोणत्या गावची, कोणाच्या लग्नात वांग्याची भाजी लागली होती आणि ती लागली हे कोणी कोणावर ढकललं, सगळं त्यांना तोंडपाठ. शेजारच्या पार्बताबाई म्हणत, “तुह्यासमोर भांडाची बी सोय नाई. तीस वर्षांपूर्वी मी काय बोलली ते तू शब्दाशब्दानं काढून दाखोते.”

म्हणूनच दिवाळीला अकोल्यात जे झालं ते कोणालाच समजलं नव्हतं. अमोलच्या कॉलनीत म्हाताऱ्या माणसांसाठी तपासणी शिबिर होतं. मनकर्णाबाईंना एका बंद खोलीत बसवलं. पंखा नाही, एसी. हिरवा पडदा. समोर तरुण डॉक्टर, बोलायला गोड. “आजी, हात टेबलावर सरळ ठेवा, चाळा नको.” त्यांनी हात ठेवले. दोन परके हात कोणीतरी टेबलावर ठेवून गेलं, तसे ते दिसत होते. डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले, मग इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हणाले, आता ते पाच सांगा.

त्यांना एकच आठवला: लिंबू.

कागदावर शेरा आला. स्मरणशक्ती कमी झाल्याची शक्यता, एकटं ठेवू नये. त्याच आठवड्यात दूध उतू गेलं आणि पातेलं करपलं. अमोलचा चेहरा उतरला. त्याचंही काही चुकलं नव्हतं. बाप गेलेला, आता आईचं डोकं जातंय असं कोणी लिहून दिलं तर पोरगा घाबरणारच. पण तेव्हापासून मनकर्णाबाई स्वतःलाच घाबरायला लागल्या. एखादं नाव चटकन आठवलं नाही की, आला तो दिवस, असं वाटे.

त्याच भीतीत असताना जानेवारीत ही ज्योत्स्ना आली होती. तिला चाळीस बाया हव्या होत्या, साठीच्या पुढच्या. वीस अशा, की ज्यांनी जन्मभर हातानं काम केलं: वाती, पापड, वेचणी, शिवण. वीस अशा, की ज्या शाळेत नाहीतर ऑफिसात होत्या. प्रत्येकीला समाजमंदिराच्या मागच्या खोलीत आठवड्याच्या अंतरानं दोनदा बसायचं होतं. ज्योत्स्ना एक बाजाराची गोष्ट वाचे, तिच्यात बारा जिन्नस. दुसऱ्या खेपेला दुसरी गोष्ट, दुसरे बारा. अर्ध्या तासानं विचारायचं, काय काय आठवतं. एका खेपेला हात मांडीवर नुसते ठेवायचे, एका खेपेला गोष्ट ऐकता ऐकता वाती वळायच्या. कोणाला आधी रिकामे हात, कोणाला आधी वाती; तेही चिठ्ठ्या टाकून. नाव नाही, नंबर. मनकर्णाबाई सतरा.

“मावशी,” ज्योत्स्नानं वही उघडली, “मी तुम्हाला आधी काय निघालं ते दाखवते. मग माझा प्रश्न कळेल.”

“दाखव. पण मले इंग्रजी नाई समजत, सांगून ठेवतो.”

“इंग्रजी नाही लागत. वाती आहेत ना?”

वाती नाहीत असं त्या घरात कधी नव्हतंच. मनकर्णाबाईंनी डबा पुढे केला. ज्योत्स्नानं जमिनीवरच्या चार शहाबादी फरश्या बोटानं दाखवल्या, दोन वर, दोन खाली, एकमेकींना लागून. “ही वरची रांग हातानं काम केलेल्या बायांची. ही खालची मास्तरीण बायांची. डावीकडच्या फरश्या म्हणजे रिकामे हात, उजवीकडच्या म्हणजे हातात वाती. दोन गोष्टी एकदम बदलून पाहायच्या, म्हणून चार घरं झाली. आमच्यात याला फॅक्टोरियल डिझाइन म्हणतात.”

“चौकच मांडला म्हणाव.”

“हो. आता प्रत्येक घरात सरासरीनं जेवढे जिन्नस आठवले तेवढ्या वाती ठेवते.”

वर डावीकडे सहा. वर उजवीकडे नऊ. खाली डावीकडे नऊ. खाली उजवीकडे सहा.

मनकर्णाबाई पाहत होत्या. म्हणजे आपल्यासारख्या बायांना हात रिकामे असले की सहाच आठवतात? त्यांनी वरच्या डाव्या फरशीवरच्या सहा वाती पुन्हा मोजल्या. हिरवा पडदा त्यांच्या डोळ्यांसमोर आला आणि गेला.

“आता मिळवा,” ज्योत्स्ना म्हणाली. “वरच्या रांगेतल्या किती?”

“सहा न् नऊ. पंधरा.”

“खालच्या?”

“पंधरा.”

“मग बाया सारख्याच, नाही का? आता उभं मिळवा. रिकामे हात किती?”

“सहा न् नऊ.” त्या थांबल्या. “पंधराच.”

“हातात वाती?”

 मनकर्णाबाईंनी पुन्हा आडवं मिळवलं, पुन्हा उभं. जिकडून मिळवावं तिकडून पंधरा. आणि फरश्यांकडे पाहावं तर एकीत सहा, एकीत नऊ, डोळ्यांना ढळढळीत दिसत होतं.

“हे कसं वं?” त्या हळूच म्हणाल्या. आवाज आपोआप उतरला होता, गाभाऱ्यात शिरल्यासारखा. “समोर फरक दिसून राहिला, अन् मिळवलं की गायब?”

“मीही आधी फक्त बेरजाच पाहिल्या होत्या, मावशी. हातानं फरक पडत नाही, बाईनं फरक पडत नाही. दोन वर्षं पाण्यात गेली म्हणून रडले मी. मग सर म्हणाले, घरांत डोकावून पाहा.” तिनं डब्यातून दोन लांब वाती घेतल्या आणि फरशीवर एकीवर एक तिरप्या ठेवल्या. एक डावीकडून वर चढणारी, दुसरी डावीकडून खाली उतरणारी. “ही चढणारी वात म्हणजे तुमच्यासारख्या बाया. ही उतरणारी मास्तरीण बाई. त्या तिथे एकमेकींना कापतात. हातात काम असणं चांगलं की वाईट, असं विचारलं तर उत्तरच नाही. कोणाच्या हातात, ते विचारायला पाहिजे. एका गोष्टीचा परिणाम दुसरीवर टांगलेला असतो. याला आंतरक्रिया म्हणतात.”

“आंतरक्रिया,” मनकर्णाबाईंनी शब्द तोंडात घोळवून पाहिला.  चहाचं पातेलं निवून गेलं होतं, त्यावर साय धरली होती.

“आमच्या बाबाजवळ दोन वावरं होती,” त्या म्हणाल्या. “एक काळं, एक मुरमाचं बरड. मी लहान असताना विचारो, बाबा, कोणतं वावर चांगलं? ते म्हणे, यंदा पाणी कसं पडते ते पाहून सांगतो. पाणी कमी पडलं की काळ्यात पऱ्हाटी डोलून राहे, बरडातली वाळून जाये. अन् झड लागली की काळ्यात चिखल, मुळ्या सडून जात. तेव्हा बरडावरच कापूस. मले वाटे, बाबा उत्तर टाळून राहिले.”

ज्योत्स्नाचा पेन वहीवर तसाच राहिला.

“टाळत नव्हते,” ती म्हणाली.

“नाई नं. उत्तरच तेवढं होतं.” मनकर्णाबाई त्या दोन तिरप्या वातींवरून नजर काढेनात. साठ वर्षं झाली होती त्या वावरांना. बाप गेला, वावरं विकली गेली, आणि आज ही पोट्टी फरशीवर कापसाच्या दोन रेघा ठेवते आणि त्यात बापाचा आवाज ऐकू येतो. माणसाच्या डोक्याच्या आत काय चालतं ते कोणाला दिसतं? आणि हिनं चाळीस डोक्यांच्या आतलं बाहेर काढून चार फरश्यांवर मांडलं, वाती मोजून. त्यांनी नकळत हात जोडले. मग ज्योत्स्ना पाहतेय म्हणून ओशाळून पदर सारखा केला.

“आता माझा प्रश्न,” ज्योत्स्ना म्हणाली. “वरच्या रांगेतल्या एकोणीस बाया अशाच चढतात. कोणी थोडी, कोणी जास्त, पण चढतात. एकच नंबर आडवा आहे. सतरा. रिकाम्या हातांनी दहा, वातींसकट दहा. मी माझी वही तपासली, आकडा बरोबर आहे. म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं. त्या रिकाम्या हातांच्या दिवशी वेगळं काही झालं होतं का?”

मनकर्णाबाई उठल्या. ओट्याजवळ गेल्या, गॅसच्या बटणाला हात लावला. एकदा. मग देवळीतून एक तपकिरीची जुनी डबी काढून आणली आणि ज्योत्स्नासमोर ठेवली.

“उघड.”

डबीत वाती होत्या. पण अशा वाती ज्योत्स्नानं या घरात पाहिल्या नव्हत्या. मळकट, करड्या, गाठी गाठी राहिलेल्या.

“अकरा हायेत,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “तुह्या त्या खुर्चीच्या गादीतल्या. उसवली होती कोपऱ्यावर. तू म्हटलं, हात नुसते ठेवा. म्या ठेवले. तू वाचाले लागली अन् मले ते अकोल्याचं टेबल दिसाले लागलं. म्हटलं, आता इथंबी लिंबूच आठवते एकटं. मंग पदराखाली बोट गेलं गादीत. मी पाठवलं नाई, गेलं. तुले दिसू नाई म्हणून मांडीवर पदर पसरला न् थुंकी लावून वळत बसली.”

“आणि या ठेवून दिल्या?”

“लावतो कुठी? चोरीचा कापूस देवापुढं कसा लावू? फेकाले बी हिंमत झाली नाई.”

ज्योत्स्नानं एक वात उचलली. उजेडात धरली. मनकर्णाबाई तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. आता ही ओरडणार, दोन वर्षांच्या कामात म्हातारीनं माती कालवली म्हणणार. पण पोरगी ती वात बोटांत धरून बसली होती, आणि तिचे डोळे मोठे झाले होते.

“मावशी, तुम्हाला कळतंय का हे काय आहे?”

“चोरी.”

“ते आहेच.” ज्योत्स्नाला हसू आलं, मग ते गेलं. “तुमचा आकडा चुकीच्या घरात बसला होता. तुम्ही दोन्ही दिवस त्या एकाच फरशीवर होतात, वरच्या नऊवाल्या. मी समोर बसून वाचत होते आणि मला दिसलं नाही. चूक माझीही आहे.”

“मंग आता?”

“आता तुमचा आकडा मला काढावा लागेल. दोन्ही. प्रबंधात लिहावं लागेल, एका बाईनं सूचना पाळली नाही म्हणून वगळलं. नाव येणार नाही.”

“ते चार फरश्यांचं बिघडते का त्यानं?”

“नाही. उलट उलगडा झाला. एकोणीस बाया पुरतात.”

“मंग काढून टाक.” मनकर्णाबाईंनी वरच्या उजव्या फरशीवरची एक वात सरळ केली. “खोटं राहू नाई त्याच्यात. एवढं चांगलं निघालं.”

ज्योत्स्नाचं लक्ष आता पेटीकडे गेलं. तिनं विचारलं, आणि मनकर्णाबाईंनी सांगितलं: पाच शब्द, लिंबू, अमोल, रविवार. सांगताना त्यांचे हात डब्यातल्या कापसात होते. सांगून होईपर्यंत सात वाती झाल्या होत्या. आणि सांगता सांगता मधेच त्या म्हणाल्या, “घंटा, लिंबू, रस्ता, चप्पल, निळा.”

“काय?”

“ते पाच. परत आल्यावर, वाती वळताना, तिसऱ्या दिवशी सगळे आले. कोणाले सांगू? अमोलले फोनवर सांगतलं तं म्हणे, आई, आता उपयोग नाई.”

 ज्योत्स्ना फार जपून म्हणाली, “मावशी, मी डॉक्टर नाही. माझे आकडे पुष्कळ बायांचे मिळून आहेत, त्यावरून एका बाईचं सांगता येत नाही. तुमचं डोकं ठणठणीत आहे असं मी म्हणू शकत नाही. दूध उतू गेलं ते गेलंच.”

“ते मले समजलं. काळ्या वावरातबी एखादं झाड किडकं राह्यते.”

“पण त्यांनी तुम्हाला एकाच घरात बसवून पाहिलं. या वरच्या सहावाल्या. दुसरं घर कोणी पाहिलंच नाही, एवढं मात्र मी त्या डॉक्टरांना लिहू शकते. त्यांनाही ते ऐकायला आवडेल, मला वाटतं.”

बाहेर पार्बताबाईंचा आवाज आला, “मनकर्णे, कोण आलं वं सकाळीच? चहा एकटीच पेते का?” 

मनकर्णाबाई फरश्यांकडे पाहत होत्या. साठ वर्षं या हातांनी कापूस ओढला. पोट भरलं, पोरगा शिकवला. पण आपण जे जे लक्षात ठेवलं, तेही याच हातांनी धरून ठेवलं होतं, हे त्यांना कधी ठाऊक नव्हतं. त्यांनी दोन्ही तळवे उलटे करून पाहिले, दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखे. पण या खेपेला टेबलावर ठेवलेल्या परक्या हातांसारखे नव्हे. या खेपेला त्यांना त्या हातांचा मान वाटला.

मग त्या सरळ बसल्या.

“पोरी, माह्यं एक काम कर. त्या डॉक्टरले चिठ्ठी दे, की मनकर्णाबाईले अजून एक डाव त्याच खोलीत बसव. पाच शब्द दुसरे दे म्हणा, ते जुने आता पाठ हायेत. अमोलले समोर बसव. आठवले नाई तं पेटी काढून ठेवलेलीच हाये, मी तिथूनच त्याच्या घरी जाईन, रडणार नाई. फक्त माह्या हातात कापूस राहू द्या.”